गोठ्यातला अमोनिया : नाक काय सांगते आणि प्रकाश काय सांगतो



या पानावर आपण दर वेळी एक विज्ञानपाठ घेतो. मागच्या वेळी ग्रहणावर लिहिले होते. या वेळचा विषय मला पुस्तकातून सापडला नाही, तो शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडून आला. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. शिक्षकाने आपली चूक लपवली तर विद्यार्थी चूक कबूल करायला कधीच शिकणार नाही, म्हणून ती आधीच सांगतो.

पत्र आणि चुना

पावसाळ्यात काही पालकांनी सह्या करून मला एक पत्र दिले. शाळेच्या मागे म्हशींचा गोठा आहे, त्याचा उग्र वास वर्गात येतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, तरी शाळेने महापालिकेकडे तक्रार करून गोठा हटवावा, असा मजकूर होता. पालकांची काळजी रास्त होती. मागच्या बाजूच्या दोन वर्गांत तो वास मलाही जाणवत होता.

अडचण एवढीच होती, की त्या गोठ्यातली एक मुलगी आपल्याच शाळेत आठवीत शिकते. पहाटे चार वाजता उठून ती धारा काढायला मदत करते आणि सात वाजता वर्गात हजर असते. पत्र आल्यानंतर आठवड्याभरात माझ्या लक्षात आले, की ती शेवटच्या बाकावर एकटीच बसते. शेजारचीने बाक बदलून घेतला होता. कारण विचारले तर वर्ग गप्प. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "सर, तिच्या युनिफॉर्मला वास येतो."

त्या संध्याकाळी मी गोठ्यावर गेलो. चौदा म्हशी, पाच रेडकं, वर पत्रे, खाली फुटकी फरशी. खळग्यांत शेण आणि मूत्र एकत्र साचलेले. मी विज्ञानाचा पदवीधर, आणि थोडा अहंकारही आड आला असेल. मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "चुना टाका, वास जाईल." मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी दोन गोण्या चुना पसरला.

तिसऱ्या दिवशी मुलीची आजी स्वतः शाळेत आली. म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून टाकला. पण रात्रभर रेडकं शिंकतायत, त्यांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नाही. माझेपण डोळे बघा."

मी पाहिले. डोळे लाल होते. आणि त्या क्षणी मला माझीच प्रयोगशाळा आठवली. अमोनिया तयार करायचा असेल तर अमोनियाच्या क्षारात विझवलेला चुना मिसळून तापवतात, हे मी पंचवीस वर्षे दहावीला शिकवत आलो आहे. तोच प्रयोग मी एका गरीब माणसाच्या गोठ्यात करून ठेवला होता.

आधी चार शब्दांची उजळणी

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आपल्यातल्या पुष्कळ मुलांचेही विज्ञान हिंदीतून चालते आणि घरी मराठी. म्हणून काही शब्दांची गफलत आधी सोडवू. हिंदीत 'अणु' म्हणजे जे मराठीत 'रेणू'. आणि हिंदीतला 'परमाणु' तो मराठीतला 'अणू'. हिंदीत 'क्षार' म्हणतात ते मराठीत 'आम्लारी' किंवा 'अल्क'; आणि मराठीत 'क्षार' म्हणजे हिंदीतले 'लवण'. हिंदीत 'वायु' म्हणजे हवा, मराठीत 'वायू' म्हणजे गॅस. मी पहिल्यांदा मराठी विज्ञान पुस्तक हातात घेतले तेव्हा 'क्षार' शब्दापाशी अर्धा तास अडलो होतो. या लेखात सगळे शब्द मराठी अर्थाने वाचावेत.

अमोनिया येतो कुठून?

अमोनियाच्या एका रेणूत नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन अणू असतात. रंग नाही, वास मात्र झणझणीत. इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीने १७७४ साली तो वायुरूपात वेगळा केला. पण त्याच्या एका क्षाराशी आपली ओळख फार जुनी आहे. आपल्या आजीच्या काळी कल्हईवाला दारात यायचा. तापलेल्या पितळी पातेल्यात तो पांढरी पूड टाकायचा, भस्सकन पांढरा धूर निघायचा आणि आपण नाक धरून पळायचो. ती पूड म्हणजे नवसागर, हिंदीत नौसादर, म्हणजेच अमोनियम क्लोराईड.

गोठ्यात अमोनिया जनावराच्या अंगातून तयार होऊन येत नाही, हे नीट लक्षात घ्या. जनावर खाद्यातली जास्तीची प्रथिने मूत्रातून युरियाच्या रूपात बाहेर टाकते. ताज्या मूत्रातल्या युरियाला अमोनियाचा वास नसतो. शेणात मात्र असे जिवाणू असतात, ज्यांच्याकडे 'युरिएज' नावाचे विकर असते. मूत्र आणि शेण एकत्र आले, की हे विकर युरियाचे तुकडे करते. युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साईडचा एक रेणू तयार होतो. वजनात सांगायचे, तर ६० ग्रॅम युरियापासून ३४ ग्रॅम अमोनिया. हेच युरिएज जेम्स सम्नर यांनी १९२६ साली स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकरे ही प्रथिने असतात हे दाखवले. त्याबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोंबड्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. त्या युरियाऐवजी यूरिक आम्ल टाकतात, विष्ठेतला पांढरा भाग तोच. ओल्या भुशात जिवाणू त्याचेही शेवटी अमोनियात रूपांतर करतात.

म्हणून गोठ्याचा पहिला नियम असा : शेण आणि मूत्र जितका कमी वेळ एकत्र राहील, तितका अमोनिया कमी. दुसरा नियम : उष्णता वाढली की हे काम वेगाने होते.

चुना का उलटला?

ओल्या शेणात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप पाण्यात विरघळून बांधलेले, त्याला अमोनियम म्हणतात. दुसरे मोकळे, हवेत उडून जाणारे. आम्लधर्मी ओलाव्यात बहुतेक अमोनिया बांधलेला राहतो. ओलावा आम्लारिधर्मी झाला, की बांधलेला अमोनिया मोकळा होऊन उडतो. सामू ९.२५ च्या आसपास गेला, की साधारण निम्मा मोकळ्या रूपात असतो. चुन्याने सामू याच्याही वर नेला. आठवड्याभराचा साठलेला अमोनिया एका रात्रीत सुटला. वास मारायला टाकलेल्या चुन्याने वासाचे दारच उघडले.

पालकांसाठी एक इशारा इथेच देतो. मूत्राने भिजलेल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकू नये. ती अमोनियाशी मिळून क्लोरामाईन नावाचे विषारी वायू तयार करते. घरातल्या स्वच्छतागृहासाठीही हेच लागू आहे : अमोनिया असलेले क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये.

किती म्हणजे जास्त?

हवेतला अमोनिया पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. आकडा लहान वाटतो, म्हणून एक उदाहरण सोडवू. गोठा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ४ मीटर उंच धरा. आतली हवा २०० घनमीटर, म्हणजे २,००,००० लिटर. त्यात २५ पीपीएम अमोनिया असेल, तर शुद्ध अमोनिया फक्त ५ लिटर. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, चमचाभर साखरेइतके. एवढ्याने आख्खा गोठा भरतो.

आपल्या देशाच्या कारखाना कायद्याने कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम घालून दिली होती. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशात दाटीने पाळलेल्या मांसल कोंबड्यांच्या शेडसाठी २० पीपीएमची मर्यादा घातली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. मोजणी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर करावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. माणसाच्या नाकाशी मोजून जनावराचे हाल कळत नाहीत.

इथे हुशार विद्यार्थी विचारेल, "सर, अमोनिया तर हवेपेक्षा हलका, मग तो वर जायला हवा." बरोबर आहे. रेणुभार १७, आणि हवेचा सरासरी २९. पण तो निघतो जमिनीतून आणि सतत निघत राहतो. उगमाजवळ त्याचे प्रमाण जास्तच राहणार. बसलेल्या रेडकाचे नाक उगमापासून वीतभर अंतरावर असते.

अमोनिया पाण्यात अतिशय विरघळतो. डोळ्यांतला, नाकातला, श्वासनलिकेतला ओलावा त्याला लगेच ओढून घेतो आणि तिथे आम्लारी तयार होते. म्हणून चुरचुर, म्हणून खोकला. श्वासनलिकेतले बारीक केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. जास्त दिवस अमोनिया लागला तर तेच दुबळे होतात आणि जनावर दुसऱ्याही आजारांना बळी पडते. गोठ्याबाहेर गेलेला अमोनिया धुरातल्या आम्लांशी मिळून अतिसूक्ष्म धूलिकण बनवतो, ते शहरभर पसरतात.

नाकाचा भरवसा का नाही?

नाक हे उत्तम यंत्र आहे, पण ते सवयीने बधिर होते. पत्र देणाऱ्या पालकांना वास असह्य वाटत होता आणि गोठेवाले म्हणत होते, "आम्हाला तर काहीच येत नाही." दोघेही खरे बोलत होते. जो रोज त्यात उभा राहतो त्याचे नाक थकते. जो पाच मिनिटांसाठी येतो त्याला तोच वास दुप्पट वाटतो. अशा भांडणात न्याय द्यायचा तर तिसरा साक्षीदार पाहिजे, जो थकत नाही आणि कोणाच्या बाजूचा नाही. तो साक्षीदार म्हणजे प्रकाश.

प्रकाश अमोनियाला कसा ओळखतो?

लाल सरबताचा पेला उन्हात धरा. प्रकाशातले काही रंग सरबत गिळते, लाल पुढे जाऊ देते. अमोनियासुद्धा प्रकाश गिळतो, पण आपल्या डोळ्यांना दिसणारा नव्हे, म्हणून तो बिनरंगी वाटतो. तो तीन ठिकाणी प्रकाश चांगला शोषतो : अतिनील भागात २०० ते २२० नॅनोमीटरच्या आसपास, जवळच्या अवरक्त भागात १.५ मायक्रोमीटरजवळ, आणि मध्य अवरक्त भागात १० मायक्रोमीटरजवळ.

या तिसऱ्या ठिकाणाचे कारण गमतीचे आहे. अमोनियाचा रेणू उघड्या छत्रीसारखा असतो. टोकाला नायट्रोजन, खाली काड्यांच्या टोकांवर तीन हायड्रोजन. ही छत्री सतत उघडझाप केल्यासारखी थरथरते. तिच्या थरथरीशी नेमका जुळणारा प्रकाश आला, की रेणू तो उचलून घेतो. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या अवरक्त प्रकाशाला हातही लावत नाहीत. त्यामुळे लाखो रेणूंच्या गर्दीतही अमोनिया ओळखू येतो.

ही छत्री वाऱ्यात उलटल्यासारखी उलटतेही, सेकंदाला सुमारे २,४०० कोटी वेळा. याच उलटण्याचा उपयोग करून चार्ल्स टाऊन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली 'मेसर' बनवला, लेझरचा थोरला भाऊ. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली पेटवला. टाऊन्स यांना १९६४ चे नोबेल बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह यांच्याबरोबर विभागून मिळाले. म्हणजे ज्या वायूने लेझरच्या घराण्याचा पाया घातला, त्यालाच आज लेझर गोठ्यात शोधत फिरतो. आपल्या इंदूरकरांना लेझर परका नाही. १९८४ साली पायाभरणी झालेले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आपल्याच गावात आहे, आणि लेझर हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक आहे.

आता मोजणी. पहिल्या पेल्यातून शंभरपैकी ९० भाग प्रकाश बाहेर आला, तर तशाच दुसऱ्या पेल्यातून किती येईल? ८० नव्हे, ८१. कारण दुसरा पेला ९० चा दहावा भाग गिळतो. तिसऱ्यानंतर ७२.९. प्रत्येक पेला तेवढाच हिस्सा घेतो, तेवढीच रक्कम नाही. हा नियम बूगेर यांनी १७२९ मध्ये, लँबर्ट यांनी १७६० मध्ये आणि बेअर यांनी १८५२ मध्ये टप्प्याटप्प्याने मांडला. प्रकाश किती गेला, किती परत आला आणि वाटेत किती अंतर चालला, हे कळले की अमोनिया किती ते गणिताने निघते. वाट जितकी लांब, तितका थोडासाही अमोनिया पकडता येतो. म्हणून अशा यंत्रांत आरसे लावून प्रकाशाला येरझाऱ्या घालायला लावतात.

यंत्रांचे प्रकार

१. रंग बदलणारा कागद किंवा काचतंतू : आम्ल-आम्लारी दर्शकाचा थर अमोनिया लागला की रंग बदलतो. डोळ्याने पाहा, नाहीतर छोट्या दिव्याने आणि प्रकाशमापकाने वाचा. सगळ्यात स्वस्त.

२. लेझर डायोड : १.५ मायक्रोमीटरचे डायोड दूरसंचारासाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागले, म्हणून ते परवडू लागले. किरण गोठ्याच्या एका टोकाकडून निघतो आणि दुसऱ्या टोकाच्या आरशावरून परत येतो.

३. प्रकाशध्वनी यंत्र : अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८० मध्ये आढळले, की तुटक तुटक पडणाऱ्या प्रकाशाने वस्तूतून आवाज निघतो. बंद डबीतल्या हवेवर असा अवरक्त प्रकाश टाकला, की अमोनिया तापतो, निवतो, फुगतो, आक्रसतो, आणि सूक्ष्म आवाज होतो. संवेदनशील मायक्रोफोन तो ऐकतो. अमेरिकेत २००७ ते २०१० या काळात पर्ड्यू विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली कोंबड्या, डुकरे आणि दुभत्या गाईंच्या शेडमधल्या वायूंची मोठी देशव्यापी मोजणी झाली. तिथे शेडमध्ये ही यंत्रे वापरली, आणि उघड्या खड्ड्यांवर लेझर.

४. अतिनील यंत्र : नेदरलँड्सच्या राष्ट्रीय हवामापन जाळ्यात झेनॉन दिव्याचा प्रकाश उघड्या हवेतून आरशापर्यंत पाठवून परत घेतात. अमोनियाचा प्रश्न त्या छोट्या, गुराढोरांनी भरलेल्या देशात इतका तापला, की २०१९ साली न्यायालयाच्या निकालानंतर शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन मोर्चे काढले. मोजणी चुकली तर कोणाचा तरी धंदा बुडतो किंवा कोणाचे तरी रान मरते, हे तिथे सर्वांना कळले आहे.

५. उपग्रह : २००६ साली सोडलेल्या युरोपीय उपग्रहावरचे अवरक्त यंत्र अवकाशातून अमोनिया पाहू लागले. २००९ साली त्यावरून जगाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात आपले गंगेचे मैदान ठळक उठून दिसले. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींहून जास्त गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. त्यात शेतात घातलेला युरिया मिळवा, म्हणजे कारण समजेल.

गोठ्यातल्या अडचणी

प्रयोगशाळेत चालणारे यंत्र गोठ्यात टिकेलच असे नाही. पहिली अडचण धूळ. भुसा, पिसे, कोंडा आरशावर बसतो आणि प्रकाश मंद होतो. मग यंत्राला वाटावे की अमोनिया वाढला. यावर युक्ती अशी : दोन शेजारच्या लहरलांबींचा प्रकाश पाठवायचा. एक अमोनिया शोषतो ती, दुसरी तो शोषत नाही ती. धूळ दोघींना सारखीच अडवते. दोन भाऊ एकाच पावसातून शाळेत आले, दोघेही सारखेच भिजले, पण एकाच्या डब्यातला लाडू गायब असेल तर तो पावसाने नेला असे कोणी म्हणणार नाही. दोघींतला फरक तेवढा अमोनियाचा.

दुसरी अडचण पाण्याची वाफ. तीही अवरक्त प्रकाश शोषते. म्हणून जिथे वाफ कमी अडवते अशी अरुंद जागा निवडावी लागते. तिसरी अडचण अमोनियाच्या चिकटपणाची. हवा नळीतून यंत्रापर्यंत ओढली, तर अमोनिया नळीच्या भिंतीला, विशेषतः तिथल्या ओलाव्याला चिकटून राहतो आणि आकडा उशिरा येतो. उघड्या हवेतून जाणाऱ्या किरणाला ही नळीच लागत नाही. प्रकाशमापनाचा मोठा फायदा हाच.

आम्ही काय केले

आपल्याकडे लेझर नव्हता. प्रयोगशाळेत ब्रोमोथायमॉल ब्ल्यू होते. नववीच्या मुलांनी गाळणकागदाच्या पट्ट्या त्याच्या किंचित आम्लधर्मी द्रावणात भिजवल्या. वाळू नयेत म्हणून ग्लिसरीनचा थेंब टाकला. पट्टी पिवळी असते, अमोनिया लागला की हिरवी आणि मग निळी होते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले एक डॉक्टर सोबत आले. आठवीतल्या त्या मुलीने घड्याळ आणि वही सांभाळली.

चार जागा ठरवल्या : रेडकांच्या नाकाशी, म्हशींच्या गव्हाणीशी, पत्र्याखाली, आणि शाळेच्या मागच्या वर्गाच्या खिडकीत. चारही पट्ट्या एकाच वेळी लावल्या. सर्वांत आधी निळी झाली ती रेडकांजवळची. मग गव्हाणीजवळची, मग पत्र्याखालची. खिडकीतली पट्टी शाळा सुटेपर्यंत पिवळट हिरवी राहिली. वर्गात वास होता, तो त्रासदायकही होता. पण सर्वांत मोठा त्रास सोसत होती ती भिंतीपलीकडची जनावरे, आणि त्यांच्यात रोज पहाटे बसणारी आपलीच विद्यार्थिनी. हे नाकाने आम्हाला सांगितले नव्हते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कामे ठरली. खळगे बुजवून फरशीला उतार दिला आणि मूत्र लगेच वाहून जाईल अशी नाली काढली. शेण दिवसातून एकदाऐवजी तीनदा उचलून झाकलेल्या खड्ड्यात नेऊ लागले. रेडकांखाली कोरडा भुसा घातला, ओला झाला की बदलायचा. पत्र्याखाली दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवली. पेंड गरजेपेक्षा जास्त जात होती, ती हिशोबात आणली. जास्तीचे प्रथिन शेवटी मूत्रातच जाते, म्हणजे पैसाही नालीतून वाहतो. चुना अर्थातच बंद.

तीन आठवड्यांनी त्याच चार जागी पुन्हा पट्ट्या लावल्या. मुलीच्या वहीत नोंद आहे : रेडकांजवळच्या पट्टीला निळे व्हायला आधीच्या सुमारे चौपट वेळ लागला. वास संपूर्ण गेलेला नाही. पावसाच्या दिवशी मागच्या वर्गात तो अजून येतो, हे मी लपवत नाही. पण रेडकांचे डोळे कोरडे आहेत, आणि आजीचेही.

विश्वस्तांच्या बैठकीत ती वही आणि पालकांचे पत्र मी शेजारी शेजारी ठेवले. तक्रार सध्या पाठवायची नाही आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजणी करायची, असे ठरले. पत्रावर सही करणाऱ्या एका पालकांनी नालीसाठी सिमेंटच्या चार गोण्या दिल्या. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेनुसार छापत नाही. मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर चुन्याची गोष्ट सांगितली. मुले हसली. हसू द्यावे. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या.

घरी करून पाहा (मोठ्यांसोबत, गच्चीवर किंवा उघड्या जागी)

पांढऱ्या कागदावर ओली हळद फासून वाळवा. छोट्या वाटीत चिमूटभर नवसागर आणि पानाला लावतात तो चुना थोडासा मिसळा. हळदीचा कागद किंचित ओला करून वाटीच्या वर धरा, चुन्याला टेकवू नका. वाटीवर वाकून वास घेऊ नका. कागद तांबूस होईल. आता तो वाऱ्यावर धरा. अमोनिया उडून गेला की पिवळा रंग परत येऊ लागेल. जे यंत्र अमोनिया गेल्यावर मूळ रंगावर येते तेच पुन्हा वापरता येते, हे यातून शिका.

स्वाध्याय

१. ताज्या मूत्राला अमोनियाचा वास का नसतो?
२. ओल्या शेणावर चुना टाकल्यास वास का वाढतो? सामू हा शब्द वापरून उत्तर लिहा.
३. गोठा १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ४ मीटर उंच आहे. २० पीपीएम म्हणजे किती लिटर अमोनिया?
४. एका पेल्यातून ८० टक्के प्रकाश जातो. तसे तीन पेले ओळीने ठेवले तर किती जाईल?
५. दोन लहरलांबींचा प्रकाश वापरल्याने धुळीची अडचण कशी सुटते?
६. आपल्या घराजवळच्या कोणत्याही एका वासाबद्दल लिहा : तो कोणाला त्रास देतो, आणि तो मोजायचा तर पट्टी कुठे लावाल?

सहाव्या प्रश्नाची उत्तरे माझ्याकडे आणून द्यावीत. चांगल्या उत्तरांसाठी पट्ट्या प्रयोगशाळेतून मिळतील.

आपला,
मुख्याध्यापक